नानांचा निरोप्या

इकडे ये गं, अशी जवळ बस. उभ्या उभ्या दोन ओळी वाचून बाजूला ठेवायचं असेल तर आत्ताच ठेव, मला राग नाही यायचा. खरं सांगू, येईल. परवा मी तुला केवढं लांबलचक लिहिलं, की बाई, घरच्या कंप्युटरवर ते निरोपांचं ॲप उघडलं की पांढरं पडतं, माऊस हलतो पण आत काही हलत नाही, काय करू? आणि तुझं उत्तर काय? "मावशी, रिस्टार्ट मार." संपलं. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. मारायचं काय त्याला, ते काय डास आहे?

मी काही मारलं नाही. ज्या माणसाने मला या यंत्रापुढे बसवलं, त्याने तसं कधी करू दिलं नाही. "बंद करून चालू केलं की फॉल्ट जात नाही ताई, लपतो," असं म्हणायचे. लहानपणी तू सुट्टीत जळगावला यायचीस तेव्हा खाकी शर्टातल्या एका आजोबांना बघून माझ्या पदराआड लपायचीस, आठवतं? ते आमचे घरमालक. अख्खी गल्ली त्यांना नाना म्हणायची. आज त्यांच्याबद्दल सांगते. बरेच दिवस सांगायचं होतं, धीर होत नव्हता.

नाना खाली राहायचे, मी वरच्या मजल्यावर. मी तेव्हा ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल-पिको करायची. नानांनी उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक म्हणून काढला. निवृत्त झाले, पण खाकी शर्ट काही निवृत्त झाला नाही. वरच्या खिशात पक्कड, टेस्टर आणि रंगकामाचा एक बारका ब्रश. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. पुढच्या खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या खाली टेबल, टेबलावर कंप्युटर. त्याच्यावरचं झाकण मी शिवलेलं होतं, उरलेल्या खणाचं. आलेला माणूस आधी तसबिरीला हात जोडायचा तर कंप्युटरलाही जोडल्यासारखं व्हायचं. नाना म्हणायचे, "असू द्या. तोही मुकाट बसतो."

त्यांच्यापुढे "बिघडलं" म्हटलेलं चालायचं नाही, "हँग झालं" तर अजिबात नाही. टीव्हीच्या डोक्यावर कुणी थापट मारली की अंगावर धावून जायचे, जणू लेकराला मारलं. काहीही घेऊन जा, मिक्सर न्या, नळ न्या, माझं शिलाईचं मशीन न्या, पहिला प्रश्न ठरलेला: "फॉल्ट आपल्याकडे आहे की समोर?" मी एकदा चिडून म्हटलं, "नाना, मिक्सरला समोर कोण असतं हो?" तर म्हणाले, "वीज कंपनी."

आणि वही. लांबट, जाड पुठ्ठ्याची. तिच्यात आखलेले रकाने: तारीख, तक्रार, कारण, ठिकाण, इलाज. फॉल्ट सापडला की शेवटी लाल शाईने "निकाली". त्या वहीत फक्त यंत्रंच नसायची बरं का. समोरच्या घरातली वहिनी रुसून माहेरी रावेरला गेली, तर नानांनी नोंद केली. तक्रार, वहिनी गेल्या. कारण, बोलणं एकतर्फी. ठिकाण, स्वयंपाकघर. इलाज, नवऱ्याने स्वतः जाऊन आणणे. तिच्या नवऱ्याला बोलावून ते पान वाचून दाखवलं. तो गेला बिचारा. वहिनी आली. नानांनी लाल शाई काढली.

मला कंप्युटर त्यांनीच शिकवला. मी सातवी शिकलेली, त्या बटणांना हात लावायला भ्यायची. म्हणाले, "घाबरता काय ताई? हे तुमचं शिलाईचं मशीनच आहे, फक्त दोरा दिसत नाही." तेवढ्यावर मी बसले. आज हे सगळं मी स्वतः टाइप करतेय ते त्या एका वाक्याच्या जोरावर.

आता मुद्द्याचं. जन्मभर डाव्या कानाला रिसीव्हर लावून नानांचा डावा कान गेला होता. "तो खात्यात जमा केला," असं म्हणायचे. उजव्याला मोठ्याने बोललेलं कळायचं. डोळ्यांत मोतीबिंदू. त्यामुळे मोबाइल त्यांना कामाचाच नव्हता, ना दिसे ना ऐकू येई. तो कंप्युटरशेजारी चार्जिंगला पडलेला असायचा. "तो नुसता खांब आहे," म्हणायचे. त्या खांबावरून तार यायची कंप्युटरवर, आणि कंप्युटरला दोन हे एवढे मोठे स्पीकर. ॲपला नानांनी नाव ठेवलं होतं, निरोप्या.

निरोप्याचं काम एकच. धुळ्याला नानांची थोरली बहीण होती. अक्का. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून नानांना तिने वाढवलं. धरणगावकडे कापूस वेचायला जायची, नानांना बांधावर बसवून पाटीवर अक्षरं गिरवायला लावायची. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. ती रोज सकाळी सव्वादहाला धुळ्याहून आपला आवाज पाठवायची. नाना बटण दाबायचे आणि अक्का आमच्या अख्ख्या गल्लीत बोलायची, "भाऊ, जेवना का रे? आठे बठ्ठं बरं शे. तू कव्हय येशी?" नाना तीनदा ऐकायचे. दारावरून जाणारी भाजीवाली टोपली उतरवून ओरडायची, "ओ नाना, अक्का जेवलात का विचारतेय, इथे सगळं बरंय म्हणतेय, कधी येताय ते सांगा की तिला!"

मग नाना माइकपाशी वाकायचे, घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "धुळे, धुळे, जळगाव बोलतंय." रोज. एकदा अक्काने उलट पाठवलं, "ओ जळगाववाला, मी तुन्ही बहीण शे, एक्स्चेंज नई शे!" ते त्यांनी मला चार वेळा ऐकवलं असेल. हसून हसून डोळे पुसत होते. आमच्याशी नाना ऑफिसातलं शुद्ध मराठी बोलायचे. अहिराणी फक्त अक्काशी.

त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला मला फोन आला. अक्काच्या मुलाचा, म्हणजे नानांच्या भाच्याचा. "काकू, आईला काल पक्षाघाताचा झटका आला. दवाखान्यात आहे. उजवी बाजू गेलीय. मामांना एवढ्यात सांगू नका." नानांना दोन वर्षांपूर्वी छातीचं दुखणं होऊन गेलं होतं, डॉक्टरांनी दगदग नको म्हणून बजावलेलं. भाचा रडत होता गं. "चार दिवसांत आई नीट बोलायला लागेल, मग मीच येऊन सांगतो. तुम्हाला माझी शपथ आहे, काकू." मी हो म्हटलं. रडणाऱ्या माणसाला काय नाही म्हणणार?

आता सव्वादहा वाजतील, आवाज येणार नाही, नाना विचारतील, मग मी काय सांगू? जिना उतरले तर नाना टेबलापाशी कमरेवर हात ठेवून उभे. म्हणाले, "ताई, निरोप्या अडकला."

खरंच अडकला होता. त्याच दिवशी, आपल्या आपण. उघडला की दोन-तीन नावं दिसायची, गोल फिरायचं, मग सगळी खिडकी धुकं पडल्यासारखी पांढरी. माझ्या मनात काय आलं माहीत आहे? बरं झालं. देवाने माझी अडचण ओळखली, असं वाटलं मला. लाज वाटते आता लिहायला.

नाना म्हणाले, "जरा खांबावर बघा बरं, अक्काचा निरोप आलाय का." मी मोबाइल हातात घेतला. तो नीट चालू होता. अक्काचा शेवटचा निरोप आदल्या सकाळचा, त्याखाली काही नव्हतं. आणि मी म्हटलं, मोठ्याने, त्यांच्या उजव्या कानाशी, "इथेही गोलच फिरतंय नाना."

एवढंच वाक्य. ते म्हणाले, "अस्सं," आणि वही काढली.

त्यानंतर नाना कामाला लागले. एखादा माणूस वैतागून सोडून देईल, दुकानात नेऊन टाकेल. नानांचं तसं नव्हतं. त्यांची एक्स्चेंजची पद्धत होती: लाइन मधोमध तोडायची, अर्धी तपासायची. अर्धी चांगली निघाली की फॉल्ट उरलेल्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचे दोन तुकडे करायचे. पहिल्या दिवशी त्यांनी वायरी काढल्या, एकेक पिन ब्रशने झाडली, फुंकली, पुन्हा लावल्या. दुसऱ्या दिवशी नेट तपासलं, बातम्या उघडून बघितल्या, हवामान बघितलं. "नेट साफ," म्हणून नोंद. तिसऱ्या दिवशी कंप्युटरचं पोट उघडून पंखा पुसला. सव्वादहा वाजले की मात्र हात थांबायचे. पाच मिनिटं नुसते बसायचे, स्पीकरकडे बघत. मग पुन्हा ब्रश.

मी रोज खाली जायची, भाजी घेऊन, चहा घेऊन. ते विचारायचे, "भाच्याला फोन लावा बरं." मी लावायची. पलीकडून तो हळू सांगायचा, आज डोळे उघडले, आज पेज घेतली. आणि मी नानांच्या कानाशी ओरडायची, "सगळे बरे आहेत! अक्कांचा घसा बसलाय!" शेजारीपाजारी सगळ्यांना ऐकू जायचं ते खोटं. चार दिवस झाले, पाच झाले. भाचा म्हणे, अजून थोडं थांबा. मीही थांबले.

एकदा मी म्हटलं, "नाना, जाऊ द्या ना आता, घ्या थोडी विश्रांती." त्यांनी वर पाहिलं. "ताई, तिकडे ती रोज बोलत असेल आणि वाटत असेल भाऊ उत्तर देत नाही. रागावली असेल." मग हळूच, "ती रागावली की जेवत नाही हो."

त्यावेळी सांगायला हवं होतं. त्याच क्षणी. माझ्या तोंडाशी आलंही होतं. पण शपथ, आणि त्यांची छाती, आणि काय काय. मी कप उचलले आणि वर गेले.

दहाव्या दिवशी नानांना कारण सापडलं. कंप्युटर भरला होता. नातेवाइकांच्या ग्रुपवरून येणारी सकाळची फुलं, दिवे, व्हिडिओ, असं सगळं चार वर्षांत आत साठलेलं. निरोप्याला हलायलाच जागा नव्हती. दुसरा कुणी असता तर त्याने सगळं पुसून टाकलं असतं. नाना म्हणाले, "आधी अक्काला बाहेर काढतो, मग सफाई." कंप्युटरच्या पोटातून त्यांनी अक्काचा एकेक आवाज वेगळा केला आणि पेनड्राइव्हवर उतरवला. अख्खा दिवस गेला. अकराव्या दिवशी सकाळी ॲप काढून टाकलं, जागा केली, पुन्हा नव्याने घातलं, मोबाइलवरून त्या चौकटीच्या कोडने जोडलं. मी दारात उभी. माझा जीव कुठे होता म्हणून विचारू नकोस. यंत्र दुरुस्त होऊ नये म्हणून मी मनात धावा करत होते.

निरोप्या उघडला. धुकं आलं नाही. सगळी नावं भराभर खाली उतरली. नानांनी अक्काचं नाव दाबलं. शेवटचा आवाज अकरा दिवसांपूर्वीचा. त्याखाली काही नाही.

त्यांनी त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "नळ अडकला होता म्हणून पाणी येत नव्हतं, बरोबर? आता नळ मोकळा आहे. मग अकरा दिवसांचं पाणी कुठंय?"  त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि जन्मात पहिल्यांदा माझ्याशी अहिराणीत बोलले.

"फॉल्ट आपलाकडे नई शे, ताई. मी बठ्ठं देखी लिधं. फॉल्ट समोरनी बाजूले शे. आते तुम्ही सांगा."

मी सांगितलं. खाली बसून सांगितलं, ओरडून सांगावं लागलं, कारण त्यांना ऐकू येत नव्हतं. "अक्कांना झटका आलाय! वाचा गेलीय!" असं गल्लीभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. भाजीवाली बाहेर थबकली होती, ती टोपली घेऊन निघून गेली.

नाना उठले. धुतलेला खाकी शर्ट घातला, पेनड्राइव्ह, तो लागतो तसला एक स्पीकर आणि वही पिशवीत टाकली आणि चप्पल घालू लागले. मी म्हटलं, मी येते.  एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, नाना खिडकीबाहेरचे टेलिफोनचे जुने खांब बघत होते. छातीला काही झालं नाही त्यांच्या. ज्या छातीसाठी आम्ही अकरा दिवस खोटं बोललो, ती घेऊन ते धुळ्यात देवपूरचा अख्खा चढ पायी चढले.

अक्काला दवाखान्यातून घरी आणलं होतं. भाचा दारातच हात जोडून उभा राहिला. "मामा, तुम्हाला त्रास नको म्हणून हो." नाना म्हणाले, "बाजूला हो."

अक्का कॉटवर होती. केवढीशी झाली होती. डोळे उघडे होते, तिने नानांना ओळखलं, ते मी पाहिलं. डाव्या हाताची बोटं हलली. नाना तिच्याजवळ गेले, उजवा कान तिच्या तोंडाशी नेला. काही नाही. पुन्हा नेला. मग त्यांनी पिशवी उघडली.

त्यांच्या कामात एक तपासणी असते. मागे एकदा मला त्यांनी समजावली होती. समोरची लाइन मुकी वाटली तर तिचाच आवाज तिच्याकडे फिरवायचा. फिरून आला की समजायचं, तार जिवंत आहे. नानांच्या डोक्यात तेवढंच होतं. स्टुलावर स्पीकर ठेवला, पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं.

"भाऊ, जेवना का रे? आठे बठ्ठं बरं शे. तू कव्हय येशी?"

त्या लहानशा खोलीत तो आवाज एवढा मोठा आला की भिंतीवरचं कॅलेंडर थरथरलं. अक्काने स्पीकरकडे पाहिलं. मग नानांकडे. तिचे ओठ हलले, त्या आवाजाच्या मागे मागे, जसं कुणी बुद्धवंदना म्हणताना दुसऱ्याच्या मागे म्हणतं. आवाज निघाला नाही. दुसरा निरोप सुरू झाला. मग तिसरा, "मी तुन्ही बहीण शे, एक्स्चेंज नई शे!" अक्काने डाव्या हाताने पदर ओढला आणि तोंडावर घेतला. पदराखाली ती हुंदके देत होती. नानांना ते ऐकूच येत नव्हतं गं. ते आवाज आणखी वाढवायला लागले. शेवटी सुनेने पुढे होऊन पेनड्राइव्ह उपसला.

तेव्हा त्यांना कळलं. पदर हलत होता, त्यावरून कळलं. ते कॉटजवळ जमिनीवर बसले आणि डोकं गादीच्या कडेला टेकवलं. मला म्हणाले, "मन्हा कान गया, तिन्ही जीभ गयी. फॉल्ट दोन्हीकडे शे, ताई." अक्काचा हात त्यांच्या डोक्यावर आला. तिथेच राहिला. आम्ही बाहेर आलो.

चहा करता करता सून मला म्हणाली, "काकू, पहिले सहा दिवस त्यांना एक शब्द येत होता. 'भाऊ.' एवढाच. पाणी पाहिजे तरी भाऊ, दुखलं तरी भाऊ. दाराकडे बघून म्हणायच्या. सातव्या दिवशी दुसरा झटका आला, मग तोही गेला."

 सहा दिवस. त्या सहा दिवसांत नाना जळगावला वायरीच्या पिना ब्रशने झाडत होते. आणि मी चहा नेत होते.

सून म्हणाली, हे मामांना सांगू नका हं. पुन्हा तेच. मी विचार केला, ही गोष्ट ओरडून कशी सांगायची? आजारी माणसाच्या घरात, तिच्या देखत? पण न सांगता मी त्या जिन्यावरून परत कशी चढणार होते? संध्याकाळी मी नानांच्या पिशवीतली वही घेतली, मागचं कोरं पान काढलं आणि माझ्या वाकड्या अक्षरात मोठं मोठं लिहिलं: "नाना, पहिले सहा दिवस अक्का 'भाऊ' म्हणत होत्या. मला ठाऊक नव्हतं. पण मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही इथे असता. खांबावर गोल फिरत नव्हतं. मी खोटं बोलले."

त्यांनी वही डोळ्यांजवळ धरून वाचली. दोनदा वाचली. मिटली. खिशातला ब्रश काढला, उगाच वहीच्या पुठ्ठ्यावरून फिरवला, परत खिशात ठेवला. म्हणाले, "सहाची एसटी आहे. तुम्ही निघा. मी आहे इथे."

अक्का आणखी नऊ दिवस होती. नाना तिच्या खोलीतून हलले नाहीत. परत आले तेव्हा पूर्वीसारखेच वागले माझ्याशी. भाडं वाढवलं नाही, बोलणं कमी केलं नाही, माझ्या मशीनचा पट्टा तुटला तर आपणहून येऊन बसवून गेले. मला वाटायचं, एकदा तरी रागवा हो. एक शिवी द्या. सव्वादहाला मात्र त्यांच्या घरातून काही आवाज यायचा नाही. भाजीवालीही आमच्या दारावरून जाताना हाक द्यायची नाही, दोन घरं पुढे जाऊन द्यायची.

पुढच्या वर्षी तेही गेले. झोपेत गेले. भाच्याने घरातलं सामान काढताना कंप्युटर मला दिला, म्हणाला, "काकू, तुम्हालाच येतो हा." आणि वह्यांचा गठ्ठा. तो रद्दीत टाकणार होता. मी एक दिवस शिलाईचं मशीन बंद ठेवून सगळ्या वह्या चाळल्या. ती नोंद सापडली. नानांचं ते टाइप केल्यासारखं अक्षर.

तक्रार: निरोप येत नाही. कारण: मशीन भरले होते, पण ते कारण नव्हे. ठिकाण: वरचा मजला. इलाज: ताईंनी स्वतः लिहून सांगितले.

बाकी सगळ्या पानांवर खाली लाल शाईत "निकाली" आहे. मिक्सरवर आहे, नळावर आहे, वहिनीवर आहे. या पानावर नाही. मी पान उजेडाशी धरून बघितलं, मागून बघितलं. नाही.

तेव्हापासून मी कुणाच्या शपथेला हो म्हणत नाही. एकदा सोडून. ती शपथ आज मोडतेय, म्हणून तुला जवळ बसवलं.

तुझ्या आईने मला शपथ घातलीय की तुला कळवायचं नाही. तिकडे तुझी नोकरी नवीन आहे, तुला रजा मिळणार नाही, तू धास्तावशील, असं सगळं. ती तुला सांगते ना, की यावलच्या घरचा कंप्युटर अडकतो म्हणून उत्तर देत नाही? मी गेल्या पंधरवड्यात जाऊन बघून आले. कंप्युटर चांगला आहे. ती त्याच्यापुढे बसते आणि पुढे काय करायचं ते तिला आठवत नाही. दोनदा गॅस तसाच सोडला. कुलूप लावून किल्ली आतच ठेवते. आणि मागच्या गुरुवारी संध्याकाळी तुझा फोटो हातात घेऊन मला विचारलं, "ताई, ही आपल्यातली कोण गं?" मी नाव सांगितलं तर हसली, म्हणाली, हो की, माझीच. मग रडली. डॉक्टरांना दाखवलंय, गोळ्या चालू आहेत, घाबरून जाऊ नको. पण कळायला हवं तुला.

तिच्यावर रागावू नको, माझ्यावर रागावलीस तर चालेल. फोनवर विचारत बसू नको तिला, ती बरी आहे म्हणेल. तू ये. जळगावला माझ्याकडे उतर, तोंड धू, दोन घास खा, मग आपण दोघी यावलच्या गाडीत बसू. जास्त दिवस लावू नको. संध्याकाळी ती गोंधळते, पण सकाळच्या वेळी तुझं नाव तिला अजून चटकन येतं. सकाळी पोचशील अशी ये.